अनाथोथचं शेत : भविष्यवचन उलगडत नाही तेव्हा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आणि रविवारी मंडळीत शास्त्र शिकवलं. गणिताच्या तासाला उत्तर आल्याशिवाय ते कुणाला खाली बसू देत नसत. शास्त्राच्या तासाला मात्र एखादं वचन अडलं, की ‘हे मला कळलेलं नाही’ असं वर्गासमोर सरळ सांगत, आणि त्याच वचनावर डोळे मिटून प्रार्थना करत. त्यांच्या या दोन्ही सवयींमागे एकच सचोटी होती. म्हणूनच आजचा विषय निवडला : बायबलमधलं भविष्यवचन कळत नाही, तेव्हा देवावर भरवसा कसा ठेवायचा?

हा विषय आज आपल्या दारात आहे. करोनाच्या साथीत ‘लस म्हणजे प्रकटीकरणातली श्वापदाची खूण’ असे संदेश मोबाइलवरून फिरले, आणि भाविक घरांत त्यांनी भीती पेरली. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाचं युद्ध पेटलं. काही दिवसांतच यहेज्केलाचा ३८वा अध्याय, गोग आणि मागोग, नकाशे आणि बाण असं सगळं तयार होऊन आलं. एका बाजूला ही मंडळी. दुसऱ्या बाजूला असे कितीतरी विश्वासणारे, जे दानीएल आणि प्रकटीकरण ही पुस्तकं वर्षानुवर्षं उघडतच नाहीत. स्तोत्रं वाचतात, शुभवर्तमानं वाचतात, आणि तिथे आलं की पानं उलटतात. पहिल्यांना सगळं कळलेलं असतं. दुसऱ्यांनी कळून घ्यायचा नाद सोडलेला असतो. पण दोघांच्या मनात खोलवर समज एकच बसलेली आहे, की आधी उलगडा व्हायला हवा, भरवसा त्यानंतरचा.

शास्त्रात हा क्रम असा नाही, एवढंच मला आज सांगायचं आहे. ज्यांच्या मुखातून ही भविष्यवचनं आली, त्यांनाही ती पुरती उमगली नव्हती. देवाने त्यांना उलगडा दिला नाही तेव्हाही, हाताशी करण्याजोगं काम मात्र दिलं. त्यांचा भरवसा त्या कामात दिसला. पेत्र आपल्या पहिल्या पत्रात सांगतो, की संदेष्टे स्वतःच आपल्या संदेशाचा शोध घेत होते. हे कोणत्या काळाबद्दल आहे, कशा प्रसंगाबद्दल आहे, याचा धांडोळा घेत होते. म्हणजे हे कोडं आपल्यापाशी आज नव्याने आलेलं नाही. संदेष्ट्यांच्या पंक्तीलाच आपण बसलो आहोत.

यिर्मयापासून सुरुवात करू.

इ.स.पू. ५८७. सिद्कीया राजाचं दहावं वर्ष, नबुखद्नेस्सराचं अठरावं. यरुशलेमेला बाबेलच्या फौजेचा वेढा पडला आहे. तटाला भिडतील असे मातीचे मोर्चे रचले गेले आहेत. शहरात दुष्काळ आणि मरी. यिर्मया राजवाड्यातल्या पहाऱ्याच्या चौकात कैदेत आहे, कारण हे शहर पडणार असं तो उघड बोलत आला. याच काळातली मातीच्या खापरांवर शाईने लिहिलेली पत्रं १९३५ मध्ये लाखीशच्या उत्खननात सापडली. त्यातल्या एका पत्रात चौकीवरचा माणूस आपल्या वरिष्ठाला कळवतो, की आम्ही लाखीशच्या अग्निसंकेतांवर नजर ठेवून आहोत, अजेका काही दिसत नाही. यिर्मयाच्या पुस्तकात नेमकं म्हटलं आहे, की यहूदाच्या तटबंदी शहरांपैकी आता लाखीश आणि अजेका एवढीच उरली होती. त्या खापरावरची शाई पाहिली, की अंधारात एकेक दिवा विझत जाणारा देश डोळ्यांपुढे येतो.

अशा वेळी यिर्मयाचा चुलतभाऊ हनामेल त्याला भेटायला कैदेत येतो. काम काय? ‘अनाथोथचं माझं शेत तू विकत घे. सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे.’ अनाथोथ हे यिर्मयाचं गाव, यरुशलेमेच्या ईशान्येला जेमतेम पाच किलोमीटरवर. भाऊबंदांची जमीन बाहेर जाऊ नये, अडचणीतल्या भावाचं वतन जवळच्या नातलगाने सोडवावं, हा मोशेच्या नियमशास्त्रातला दंडक. पण आज त्या शेतावर शत्रूचा तळ पडला आहे. घेणारा स्वतः कैदेत, देश बुडण्याच्या बेतात. अशा जमिनीला किंमत ती कसली?

तरी यिर्मया शेत घेतो. आणि हा व्यवहार शास्त्रात ज्या बारकाईने नोंदला आहे, तसा व्यवहार बायबलमध्ये क्वचितच सापडतो. किंमत सतरा शेकेल चांदी, आजच्या मापाने सुमारे १९० ग्रॅम. त्या काळी त्या देशात नाणी चालत नसत. म्हणून तराजू आणून चांदी तोलून दिली. खरेदीखत लिहिलं, त्यावर सही, मग मोहोर. साक्षीदार बोलावले, त्यांच्याही सह्या घेतल्या. खताच्या दोन प्रती : एक मोहोरबंद, एक उघडी. नेरीयाचा मुलगा बारूख, यिर्मयाचा लेखनिक, याच्या हाती त्या दिल्या आणि चौकात बसलेल्या सगळ्यांसमोर सांगितलं, की हे मातीच्या भांड्यात घाल, म्हणजे पुष्कळ दिवस टिकेल. नाईल नदीतल्या एलेफंटाइन बेटावर राहणाऱ्या यहूदी शिपायांचे इ.स.पू. पाचव्या शतकातले दस्तऐवज सापडले आहेत. तेही असेच : गुंडाळलेले, दोऱ्याने बांधलेले, गाठीवर मातीची मोहोर उमटवलेली. ते पाहिले, की बारूखने काय केलं असेल ते कळतं. ज्यांनी वावर घेतलं आहे, तलाठ्याच्या आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत चकरा मारल्या आहेत, त्यांना या नोंदीतलं गांभीर्य समजावून सांगायला नको. पुढे कुणी विचारणारच नसेल, तर माणूस इतकी पक्की कागदपत्रं करत नाही.

सोबत वचनही आहे : या देशात पुन्हा घरं, शेतं, द्राक्षमळे विकत घेतले जातील.

आता मला सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट. खत बारूखच्या हाती दिल्यावर यिर्मया प्रार्थना करतो. आधी प्रार्थना, मग खरेदी, असं झालेलं नाही. चांदी तोलून झाली, सह्या झाल्या, आणि मग त्याच्या मनातला गोंधळ बाहेर आला. प्रार्थना सुरू होते आकाश आणि पृथ्वी निर्माण करणाऱ्या देवाच्या सामर्थ्यापासून, मिसरातून सुटकेच्या आठवणीपासून. आणि संपते कुठे? हे मोर्चे तटापर्यंत आले, शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलच्या, हाती गेलंच आहे, आणि तरी तू मला शेत विकत घे म्हणतोस! यिर्मयाला हे वचन कळलेलं नव्हतं. त्याने ते देवाला तसंच बोलून दाखवलं. देवानेही त्याला दटावलं नाही. पण उत्तरात ‘केव्हा’ आणि ‘कसं’ दिलं नाही. शहर जळणार हेही सांगितलं, आणि मी यांना परत आणीन हेही सांगितलं. या दोन्ही गोष्टी एकाच तोंडून आल्या, आणि यिर्मयाला त्या दोन्ही धरून जगावं लागलं.

आणि त्या शेताचं काय झालं? यिर्मयाने ते कधी नांगरल्याची नोंद नाही. शहर पडल्यावर तो मिस्पा इथे राहिला. पुढे उरलेल्या लोकांनी त्याला त्याच्या मर्जीविरुद्ध मिसरात नेलं. तो परत आल्याचं शास्त्र सांगत नाही. ज्या वचनासाठी त्याने पदरची चांदी मोजली, त्याची पूर्तता त्याने डोळ्यांनी पाहिली नाही. तरी त्याचा तो व्यवहार वाया गेला असं आपण म्हणू शकतो का? बंदिवासातून परतलेल्यांमध्ये अनाथोथचे १२८ पुरुष होते, अशी नोंद एज्राच्या पुस्तकात आहे. त्याच गावचे.

यिर्मयासमोर एक सोपा संदेष्टाही उभा राहिला होता. या खरेदीच्या सहा-सात वर्षं आधीची गोष्ट. बाबेलचं जू मानावं लागेल हे दाखवण्यासाठी यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन फिरत होता. मंदिरात सगळ्या लोकांदेखत हनन्या नावाच्या संदेष्ट्याने जाहीर केलं : दोन वर्षांत सगळं संपेल. मंदिरातली पात्रं परत येतील, यखन्या राजा परत येईल. संदेश किती स्वच्छ! मुदत ठरलेली, शब्द गोड, कुणालाही समजेल असा. यिर्मया म्हणाला, आमेन, परमेश्वर तसं करो. त्याच्या मनातही तीच इच्छा होती. मग हनन्याने त्याच्या मानेवरचं जू काढून मोडलं, तेव्हा यिर्मया निघून गेला. पुढे देवाचा शब्द आला तेव्हाच परत येऊन बोलला. सुखाचं भाकीत करणारा संदेष्टा खरा की खोटा हे ते घडून आल्यावरच कळतं, एवढं त्याने लोकांना सांगून ठेवलं होतं. हनन्या त्याच वर्षी मरण पावला. दोन वर्षं गेली, पात्रं आली नाहीत. उलट काही वर्षांत मंदिरच जळालं.

तारीख देणारा संदेश ऐकायला नेहमीच बरा वाटतो. खरा संदेश पुष्कळदा अवघड असतो, लांबचा असतो, आणि आपल्या हयातीत संपत नाही. यिर्मयाने बाबेलमधल्या बंदिवानांना पत्र पाठवलं, त्यात सत्तर वर्षांची मुदत होती. विचार करा : तिशीतल्या माणसाने ते पत्र वाचलं असेल, तर त्याला कळलं असेल की मी काही परत जात नाही. मग त्याने काय करायचं? पत्रात तेही लिहिलं होतं. घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, मुलांची लग्नं करून द्या. आणि ज्या शहरात तुम्हाला नेलं आहे त्याचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. भविष्याबद्दल वचन एक, आणि आजच्या दिवसाबद्दल कामं पाच-सहा. सगळ्या भविष्यवचनांत मला हाच तोल दिसतो.

याच सत्तर वर्षांचा विचार पुढे दानीएल करत बसला. तो स्वतः बंदिवान, आता म्हातारा झालेला, परक्या दरबारात उच्चपदावर. यिर्मयाचं पुस्तक वाचताना त्याला मुदत संपत आल्याचं दिसलं. आपण असतो तर कागद-पेन्सिल घेतली असती. दानीएलने उपास केला, गोणपाट नेसला, राख घेतली आणि आपल्या लोकांचं पाप कबूल करत प्रार्थना केली. त्याच्या आयुष्यात दोष शोधायला गेलेल्यांना काही सापडलं नव्हतं. तरी प्रार्थनेत ‘त्यांनी पाप केलं’ असं न म्हणता तो ‘आम्ही पाप केलं’ म्हणाला. उत्तर घेऊन गब्रीएल देवदूत आला, आणि ते उत्तर प्रश्नापेक्षा अवघड निघालं : सत्तर सप्तकं. त्या चार वचनांवर शतकानुशतकं विद्वान झगडत आहेत. कुणी त्यांत अंतिओख एपिफानेस राजाने केलेला छळ पाहतो, कुणी प्रभू येशूचा वधस्तंभ, कुणी अजून यायचा शेवटचा काळ.

यिर्मयाची सत्तर वर्षंदेखील बोटावर मोजून संपत नाहीत. अश्शूरचं साम्राज्य संपलं इ.स.पू. ६०९ मध्ये, आणि बाबेल पडलं ५३९ मध्ये. हे अंतर सत्तर. मंदिर जळालं ५८६ मध्ये आणि नवं मंदिर पुरं झालं ५१६ मध्ये, हेही सत्तर. दानीएल आणि त्याच्या सोबत्यांना नेलं ६०५ मध्ये. तिथून मोजलं तर सत्तरीला थोडी कमी पडतात. कोणतं टोक धरायचं, यावर वाद आहे. पण एक गोष्ट वादातीत आहे : बाबेल पडलं आणि लोक परतले. बाबेल जिंकल्यानंतर पारसाचा राजा कोरेश याने कोरवून घेतलेली मातीची नळी १८७९ मध्ये सापडली. ती लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असते. २०१३-१४च्या हिवाळ्यात ती मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आली होती. तीवर यहूद्यांचं नाव नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण विस्थापित लोकांना आणि त्यांच्या देवतांना आपापल्या जागी परत पाठवल्याचं तो राजा त्यात सांगतो. राजाचं हे धोरण आणि एज्राच्या पुस्तकातली परवानगी एकमेकांना धरून आहेत.

आता दानीएलाच्या पुस्तकातल्या दोन जागा दाखवतो. आठव्या अध्यायात मेंढा आणि बोकड यांचा दृष्टान्त आहे. त्याचा अर्थ त्याला देवदूताने सांगितला, तरीही शेवटी दानीएल लिहितो, की मी गळून गेलो, कित्येक दिवस आजारी पडलो. मग उठलो आणि राजाच्या कामाला लागलो. दृष्टान्ताने मी चकित झालो होतो, तो कुणाला उमगला नाही. दुसरी जागा पुस्तकाच्या शेवटी. दानीएल म्हणतो, मी ऐकलं पण मला समजलं नाही, आणि विचारतो, याचा शेवट काय? उत्तर मिळतं, की दानीएला, तू आपल्या वाटेने जा. ही वचनं शेवटापर्यंत बंद राहतील. तू विसावा पावशील आणि नेमलेल्या दिवशी आपल्या वतनात उभा राहशील.

बंधुभगिनींनो, ज्या माणसाच्या नावाने हे पुस्तक आहे, त्याला समजलं नाही. आणि देव त्याच्यावर रागावला नाही. त्याला त्याचा वाटा मिळाला, आणि अर्थ बंदच राहिला. देवाने त्याला दृष्टान्ताची किल्ली दिली असती, तर आपल्याला त्याच्या शहाणपणाचं कौतुक वाटलं असतं. ती दिली नाही, म्हणून आपल्याला त्याचा भरवसा दिसतो : आजारातून उठून कचेरीत जाऊन बसणारा, जबाबदारीचं काम चोख करणारा.

याच्या उलट काय होतं, तेही इतिहासात दिसतं. मृत समुद्राकाठी कुमरान इथे १९४७ मध्ये सापडलेल्या गुंडाळ्यांत हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकावरचं एक भाष्य आहे. ते लिहिणाऱ्या पंथाची ठाम समजूत अशी, की हबक्कूकने लिहिलं ते आमच्याच पिढीबद्दल. त्याला शेवटची वेळ कळवलेली नव्हती, हे तेच भाष्य सांगतं. पण आमच्या गुरूला देवाने सगळी रहस्यं उघड केली, असंही पुढे म्हणतं. शेवट लांबतो आहे याची चिंताही त्यात आहे. इ.स. ६८च्या सुमारास रोमी फौजेने ती वस्ती उद्ध्वस्त केली.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातला शेतकरी विल्यम मिलर याने दानीएलातले २,३०० दिवस म्हणजे तितकी वर्षं असं धरून, इ.स.पू. ४५७ पासून मोजून, १८४३च्या सुमारास प्रभू परत येईल असं ठरवलं. १८३१ पासून त्याने ते जाहीरपणे सांगितलं, आणि हजारो लोक मागे आले. शेवटी चळवळीतल्या दुसऱ्यांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस ठरवला आणि मिलरनेही तो मान्य केला. काहींनी शेतातले बटाटे काढलेच नाहीत, कारण हिवाळा येणारच नव्हता. तो दिवस गेला, रात्र गेली. लोक पहाटेपर्यंत रडले. मिलर खोटा माणूस नव्हता. त्याने आपली चूक कबूल केली आणि १८४९ मध्ये मरेपर्यंत प्रभूची वाट पाहिली. त्याच्या अनुयायांतले काही पुन्हा शास्त्राकडे वळले. त्यांच्यातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी संघटित झाली. पुण्यातलं स्पायसर विद्यापीठ त्याच मंडळीचं. तारीख चुकली, पण शाळा आणि दवाखाने उभे राहिले. त्या दिवसाने काय शिकवलं ते यातच आलं.

आता सगळ्यात अडचणीची जागा. ती टाळून मी पुढे गेलो, तर भरवशाबद्दल बोलण्याचा मला अधिकार राहणार नाही. यहेज्केलाच्या २६व्या अध्यायात सोर नगरीविरुद्ध संदेश आहे : नबुखद्नेस्सर येईल, तिचे तट पाडेल, ती उघडा खडक होईल, पुन्हा बांधली जाणार नाही. नबुखद्नेस्सर आला. योसेफस हा इतिहासकार सांगतो, की वेढा तेरा वर्षं चालला. पण सोरचा मुख्य भाग बेटावर होता, आणि लूट काही हाती लागली नाही. हे आपल्याला कोण सांगतं? खुद्द यहेज्केल. इ.स.पू. ५७१च्या, म्हणजे त्याच्या पुस्तकातल्या सगळ्यात उशिराच्या तारखेच्या संदेशात तो लिहितो, की सैनिकांची डोकी टकली झाली, खांदे सोलवटले, पण सोरपासून त्यांना वेतन मिळालं नाही; म्हणून देव त्यांना मिसर देत आहे. पुढे इ.स.पू. ३३२ मध्ये सिकंदराने समुद्रात भराव घालून बेट जिंकलं. तरीही सोर पुन्हा वसलं. आजही लेबनॉनमध्ये सूर नावाने ते गजबजलेलं शहर आहे.

भाष्यकार यावर निरनिराळी उत्तरं देतात. अनेक राष्ट्रं लाटांसारखी येतील असं त्याच अध्यायात आहे, म्हणून पूर्तता टप्प्याटप्प्याने झाली, असं काही म्हणतात. नगरीच्या नाशाचं वर्णन करण्याची त्या काळच्या संदेष्ट्यांची ही भाषाच होती, असं दुसरे म्हणतात. पश्चात्तापाने देवाचा न्याय टळू शकतो, निनवेच्या बाबतीत टळलाही, आणि यिर्मयाच्या १८व्या अध्यायात देव हे स्वतः सांगतो, हे तिसरे दाखवून देतात. प्रत्येक उत्तरात तथ्य आहे आणि प्रत्येक उत्तराला शंका घेता येते. माझ्या श्रद्धेला आधार मिळतो तो वेगळ्याच ठिकाणी. यहेज्केलाने २६वा अध्याय ठेवला आणि २९वाही ठेवला. आपली अडचण झाकण्यासाठी त्याने पहिला संदेश खोडला नाही. ज्यांनी पुस्तक जपलं त्यांनीही नाही. जी माणसं गैरसोयीची नोंद तशीच पुढे देतात, त्यांची साक्ष मी विश्वासार्ह मानतो. आणि आणखी एक : प्रेषितांची कृत्ये वाचा. पौल यरुशलेमेला जाताना सोरला उतरला, तिथे शिष्य शोधून त्यांच्यात सात दिवस राहिला, आणि निघताना बायका-मुलांसह सगळ्यांनी समुद्रकिनाऱ्यावर गुडघे टेकून प्रार्थना केली. जिच्या विनाशाचा संदेश दिला गेला, त्या नगरीत देवाची लेकरं. न्यायाच्या वचनापलीकडे देवाच्या मनात काय असतं, ते मला तिथे दिसतं.

शेवटी हा सगळा प्रश्न प्रभू येशूपाशी येऊन थांबतो. मशीहाबद्दलची वचनं त्याच्या शिष्यांना तोंडपाठ होती, आणि वधस्तंभ समोर आला तेव्हा एकालाही ती ओळखता आली नाहीत. अम्माऊसच्या वाटेवर दोघे म्हणत होते, की इस्राएलाची सुटका करणारा हाच अशी आम्हाला आशा होती. आशा खरी होती, पण त्यांनी मनात रंगवलेली पूर्तता चुकीची होती. बाप्तिस्मा करणारा योहान, ज्याने प्रभूला बोट दाखवून जगाला ओळख करून दिली, तोदेखील तुरुंगातून विचारतो : येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? प्रभूने त्याला तारीख दिली नाही. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते, एवढंच कळवलं. पुनरुत्थानानंतर शिष्यांनी पुन्हा विचारलं, की राज्याची पुनःस्थापना याच काळात करतोस काय? काळ आणि समय जाणणं तुमच्याकडे नाही, असं तो म्हणाला, आणि लगेच काम दिलं : साक्षी व्हा. त्याने स्वतःबद्दलही सांगितलं होतं, की तो दिवस आणि ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, केवळ पित्याला. आणि तोच पुत्र गेथशेमानीत पित्याच्या इच्छेच्या स्वाधीन झाला. आपला भरवसा तारखांच्या तक्त्यावर उभा नाही. जो आपला शब्द पाळण्यासाठी मरणापर्यंत गेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, त्याच्यावर तो उभा आहे.

मग आपण काय करायचं? हे अध्याय वाचायचे, पुरते वाचायचे. एखादं वचन उचलून बातमीला चिकटवायचं नाही. प्रत्येक भविष्यवचनापाशी एक प्रश्न विचारायचा : ज्यांनी हे पहिल्यांदा ऐकलं, त्यांना त्या दिवशी काय करायला सांगितलं होतं? त्याचं उत्तर बहुतेक वेळा मिळतं. प्रकटीकरणातल्या श्वापदाबद्दल वाद संपणार नाहीत. पण त्याच अध्यायात पवित्र जनांकडून धीराची आणि विश्वासाची अपेक्षा आहे, यात वाद नाही. आणि जो कुणी तारीख सांगेल, भीतीवर वर्गणी गोळा करेल, त्याच्याकडे यिर्मया हनन्याकडे पाहत होता तसं पाहा. त्याचं भलं चिंता, पण त्याच्या मागे जाऊ नका. युद्धाच्या बातम्यांत मरणारी माणसं, मग ती इस्राएलची असोत की गाझाची, आपल्या तक्त्यातल्या खुणा नाहीत. त्यांच्या दुःखाने ज्याचं मन हलत नाही, त्याने भविष्यवचन कितीही अभ्यासलं असलं तरी संदेष्ट्यांचं काळीज त्याला लाभलेलं नाही. यिर्मया आपल्या लोकांच्या नाशाचा संदेश देताना रडत असे.

न उलगडणारं वचन जपायचं आणि हाताशी असलेलं काम करायचं, हे आपल्या महाराष्ट्रात एका बाईने करून दाखवलं. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळात होरपळलेल्या मुलींना आसरा दिला, आणि त्याच आवारात मूळ इब्री आणि ग्रीक भाषा शिकून सबंध बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या वारल्या. ते बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. अवघड म्हणून त्यांनी यहेज्केल वगळला नाही, दानीएलही वगळला नाही. न उलगडणाऱ्या अध्यायांची वाक्यंही तेवढ्याच निष्ठेने लिहिली. आणि दुसरीकडे रोज शेकडो पानं वाढली जात होती, विहिरी खोदल्या जात होत्या, टाकलेल्या बायकांना हात दिला जात होता. त्या दोन्ही कामांत मला एकच विश्वास दिसतो.

गुरुजींच्या स्मरणाला शोभेल असं एकच काम मी आज आपणा सर्वांना सुचवतो. येत्या वर्षात आपापल्या घरी, कुटुंबासह, दानीएलाचे बारा अध्याय आणि प्रकटीकरणाचे बावीस अध्याय वाचा. जिथे अर्थ लागणार नाही, तिथे मुलांसमोर तसं सांगा. त्याने त्यांची श्रद्धा कमी होणार नाही. आणि प्रत्येक वाचनानंतर एक काम ठरवा : कुणाला भेटायचं, कुणाचं देणं फेडायचं, कुणाशी समेट करायचा, कोणत्या उपाशी घरी शिधा पोहोचवायचा. ज्याचा अर्थ आज लागत नाही ते वचन देव आपल्या वेळी उलगडेल; ते त्याच्याकडे आहे. जे आज समजतं ते करणं आपल्याकडे आहे, आणि ते करत राहणाऱ्या माणसाला देव फसवत नाही.